गाणे शिकविणाराचे कपाट

गेल्या श्रावणात माझी भाची आमच्याकडे राहायला आली ती मुकी होऊन. वय चौदा; गाण्याच्या वर्गाला जाऊ लागून तीन वर्षे झालेली. वर्गात पंधरा मुली आणि पेटी एक. तेव्हा पट्टीही सगळ्यांना एकच, काळी पाच. हिचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा. पांढरी चारला ती घरात तासन् तास गुणगुणत असे आणि वर्गात मात्र वरचा षड्ज गाठण्यासाठी मान ताणून, डोळे मिटून ओरडत असे. परीक्षा जवळ आली तसा रियाज वाढला आणि एक दिवस गळ्यातून नुसता वारा येऊ लागला. डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज आल्याचे सांगितले. महिनाभर गाणे बंद, आणि पहिले काही दिवस बोलणेही बंद. वर्गाचे नाव मी सांगत नाही. एक तर तेथील बाई स्वतः सुरेल गातात आणि मुलींवर माया करतात. दुसरे म्हणजे हा दोष त्या एका वर्गाचा नव्हेच.

तर अशी ती मुकी पोर एका दुपारी माझ्यासमोर बसली, वही पुढे ओढली आणि तिने लिहिले, ‘मामा, गाणे कसे शिकवावे याचे पुस्तक नसते का?’ ती बोलत नव्हती म्हणून मीही, का कोण जाणे, लिहूनच उत्तर दिले, ‘पुष्कळ असतात. उद्या आणतो.’

मराठी माणसाने असे आश्वासन द्यायला हरकत नव्हती. ज्या प्रांताने विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर दिले, जेथे गावोगावी गाण्याचे वर्ग आहेत आणि पुणे-मुंबई-ठाण्याची ग्रंथसंग्रहालये शंभरी ओलांडून उभी आहेत, तेथे एवढे एक पुस्तक मिळू नये? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ग्रंथालयात गेलो. त्या शोधात जे सापडले, आणि त्याहूनही जे सापडले नाही, त्याचा हा हिशेब आहे.

संगीताचे कपाट कोणत्याही ग्रंथालयात शोधायला सोपे. जेथे ड्यूईची दशांश पद्धत आहे तेथे ७८० हा आकडा पाहावा. तेथे मला चार प्रकारची पुस्तके दिसली. पहिला प्रकार बंदिशींच्या संग्रहांचा. दुसरा रागांच्या माहितीचा : थाट अमुक, जाती अमुक, वादी-संवादी, गानसमय, आरोह-अवरोह, पकड. तिसरा परीक्षांच्या मार्गदर्शकांचा. त्यांत हीच माहिती प्रश्नोत्तरांत चिरून वाढलेली असते. चौथा गायकांच्या चरित्रांचा. दिवसभर मी ही पुस्तके चाळली. गाणाऱ्याला काय यावे हे त्यांपैकी बहुतेकांत होते. शिकविणाराने काय करावे हे शोधून सापडेना. पहिल्या दिवशी मुलीला समोर बसविले की तिचा षड्ज कसा ठरवावा? बेसूर लागला तर चूक कानाची की गळ्याची हे कसे ओळखावे? बारा-तेराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटू लागला की गाणे बंद करावे की चालू ठेवावे? एका वर्गात तीन पट्ट्यांचे आवाज असतील तर काय करावे? शिकविणारासमोर हे प्रश्न रोज येतात, आणि पुस्तके त्यांच्याविषयी गप्प.

ग्रंथपालबाई माझी धडपड पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हांला शिकणाऱ्याचे पुस्तक हवे आहे की शिकविणाराचे? शिकविणाराचे असेल तर ते या कपाटात नाही. ते चार-पाच कपाटांत वाटले गेले आहे.’’ हे त्यांनी अगदी सहज सांगितले; पण माझ्या साऱ्या शोधाची किल्ली त्या वाक्यात होती. पुढच्या दोन महिन्यांत मी ती कपाटे हिंडलो.

त्यांतले पहिले कपाट संस्कृताचे. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने झाला. म्हणजे आपल्याच अंगणातला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६-९७ साली छापला आणि ग. ह. तारळेकरांनी तो मराठीत आणला. या ग्रंथाचे नाव घेणारे पुष्कळ; पण बहुतेक जण स्वराध्याय आणि रागाध्याय यांपुढे जात नाहीत. शिकविणाराला हवे ते आहे तिसऱ्या, ‘प्रकीर्णक’ नावाच्या अध्यायात. नावावरून किरकोळ वाटणाऱ्या या अध्यायात गाणारे पाच प्रकारचे सांगितले आहेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक. यांतला शिक्षाकार म्हणजे काहीही उणे न ठेवता शिकवू शकणारा, आणि अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा. शिकविण्याचे सामर्थ्य ही गाण्याहून निराळी, स्वतंत्र नाव देण्याजोगी गोष्ट आहे, हे सातशे-आठशे वर्षांपूर्वी देवगिरीत ठाऊक होते. आज आपण मात्र ‘बुवा छान गातात, त्यांच्याकडे मुलीला घाला’ असे बिनदिक्कत म्हणतो.

त्याच अध्यायात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत, आणि ते वाचताना कोणत्याही संगीतप्रेमी घरात हशा पिकेल. दात आवळून गाणारा, सीत्कार करीत गाणारा, भिऊन गाणारा, घाईने गाणारा, तोंड वासून गाणारा, कावळ्यासारखा कर्कश आवाज काढणारा, उंटासारखी मान उंच करणारा, गळ्याच्या शिरा फुगविणारा, भोपळ्यासारखे गाल फुगविणारा, डोळे मिटणारा, नाकात गाणारा, लक्ष नसलेला. असा हा मेळा आहे. मी यादी वाचीत गेलो आणि माझे हसू हळूहळू मावळले. कारण ताणलेली मान, फुगलेल्या शिरा, मिटलेले डोळे, भीती आणि घाई हे पाच दोष माझ्या भाचीच्या अंगी एकाच वेळी होते. ते तिचे दोष नव्हते. तिच्या पट्टीचे होते. शार्ङ्गदेवाने रोग्याची लक्षणे इतकी अचूक टिपली आहेत की तो वर्गात मागे बसून पाहत असावा असे वाटते. तथापि लक्षणांनंतर औषध येत नाही. उलट, अभ्यासाशिवायही राग प्रकट करण्याची जी शक्ती आवाजात असते तिला तो ‘शारीर’ म्हणतो, शरीराबरोबरच जन्मलेले ते. यातून शिकविणाराला एक सोयीस्कर पळवाट मिळते : गळा चांगला लागला तर माझी तालीम, वाईट निघाला तर तुझे शारीर. ही पळवाट आजही वापरात आहे.

दुसरे कपाट आपल्या दोन विष्णूंचे. ते संगीताच्याच कपाटात असले तरी निराळ्या नजरेने वाचावे लागते. भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांनी घरोघरच्या उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी सर्वांपुढे ठेवल्या. ज्या चिजेसाठी शिष्याने वर्षानुवर्षे हुक्का भरावा ती पुस्तकात आली. हे उपकार फेडता येण्याजोगे नाहीत. परंतु ‘क्रमिक’ हा शब्द नीट पाहावा. हा क्रम रागांचा आहे, गळ्याचा नाही. कोणता राग आधी आणि कोणता नंतर, हे पुस्तक सांगते; कोणता गळा कशासाठी केव्हा तयार झाला, हे ते गृहीत धरते. भातखंड्यांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. ते काम त्यांनी शिक्षकावर सोपविले होते आणि शिक्षकाने ते पुस्तकावर सोपविले. दोघांच्या मध्ये गळा उभा राहिला.

भातखंड्यांचे शिकविणाराच्या उपयोगी पडणारे खरे पुस्तक दुसरेच आहे, असे माझे मत झाले आहे. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग १९१० ते १९३२ या काळात मराठीत निघाले. त्यांतला शास्त्रार्थ आज जुना झाला असेल; थाटपद्धतीवर आक्षेप तर तेव्हापासूनच आहेत. पण त्या ग्रंथाची घडण पाहावी : गुरू आणि शिष्य यांचा तो संवाद आहे. शिष्य विचारतो, शंका काढतो, पुन्हा विचारतो. गुरू चिडत नाही, मते तोलून पाहतो. घराण्याच्या तालमीत शिष्याने प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जात असे. त्या काळी प्रश्न विचारणारा शिष्य शेकडो पृष्ठे बोलत ठेवणे ही मोठी गोष्ट होती. शिकविण्याच्या पद्धतीवर या ग्रंथात वेगळे प्रकरण नसेल, पण सारा ग्रंथच शिकविण्याचा एक नमुना आहे. रागांची माहिती काढण्यासाठी तो पुष्कळांनी वाचला. गुरूने उत्तर कसे द्यावे हे पाहण्यासाठी एकदा वाचून बघावा.

पलुसकर (१८७२–१९३१) यांची गोष्ट याच्या उलट. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयाबाहेर, फी देणाऱ्या आणि वेळापत्रकाने चालणाऱ्या विद्यार्थ्यांना गाणे शिकविणे ही कल्पना त्यांनी उभी केली. त्यांची बालबोध क्रमिक पुस्तके ग्रंथालयांत अधूनमधून सापडतात. पातळ पुस्तके, स्वतःची स्वरलिपी, स्वच्छ आणि शालीन शब्द. ती चाळताना वाटते, एवढ्यावर चळवळ उभी राहिली? राहिली नाही. पलुसकरांनी शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग चालविला. निवडक विद्यार्थी वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ राहिले, शिकले आणि त्यांच्या देखरेखीखाली शिकवूही लागले. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही माणसे त्यांच्या शिष्यपरंपरेतली. पलुसकरांची शिक्षणपद्धती त्या माणसांत होती. पुस्तके ही तिची टरफले. ग्रंथालयाला टरफले तेवढी मिळाली, आणि पुढच्या वर्गचालकांनी टरफलांनाच बी समजून पेरले.

तिसरे कपाट चरित्रांचे आणि आठवणींचे. येथे शिकविण्याची खरी सामग्री भरपूर आहे. मात्र ती कथेच्या पोटात दडलेली असते आणि सूचीत तिचा उल्लेख नसतो. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९), देवधरांचे ‘थोर संगीतकार’, शैला दातारांचे भास्करबुवा बखल्यांवरील ‘देवगंधर्व’ ही पुस्तके मी पूर्वी गोष्टींसाठी वाचली होती. आता हातात पेन्सिल घेऊन वाचली. मग दिसू लागले की फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तिघा गुरूंची तालीम पचविणारे भास्करबुवा स्वतः शिकवायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे केवढे वेगवेगळे गळे होते! त्यांनी १९११ साली पुण्यात जी संस्था स्थापन केली ती आज भारत गायन समाज या नावाने ओळखली जाते. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. ख्यालाचा माल नाटकाच्या पदात बसविणे आणि तो बालगंधर्वांच्या गळ्याला शोभेल असा बेतणे, हे शिकविणेच झाले. म्हणून माझ्या यादीत मराठी रंगभूमीच्या आठवणींचे कपाटही आले. मैफलीचा गवई आपली तालीम झाकून ठेवी. नाटक कंपनीत मात्र तालीम दहा माणसांदेखत होई, आणि दहांपैकी एखाद्याने ती लिहून ठेवलेली असे.

याच कपाटाच्या कडेला वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) येते. मराठीतल्या संगीतसमीक्षेचा हा मानाचा ग्रंथ. वामनराव हिशेबतपासनीस. शार्ङ्गदेवही देवगिरीच्या दरबारात हिशेबाच्या खात्यावर होता आणि भातखंडे वकील. आमच्या संगीतावर लिहिणारी माणसे अशी जमाखर्चाची आणि पुराव्याची सवय असलेली निघावीत हा केवळ योगायोग नसावा. वामनरावांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली हे सर्वांना ठाऊक आहे : स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, समतोलाला जयपूर. शिकविणाराने मात्र त्या पुस्तकातला दुसरा मुद्दा अधोरेखित करावा. घराण्याची शैली मूळ पुरुषाच्या आवाजाच्या धर्मातून उगवते, असे ते म्हणतात. अल्लादियाखाँसाहेबांची हकीकत प्रसिद्ध आहे. आमलेटा संस्थानात असताना अतिगायनाने त्यांचा आवाज गेला, पुष्कळ काळ परतला नाही, आणि परतला तो पहिला राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडविली आणि ते जयपूर घराण्याचे वैभव ठरले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या घरातही एक गळा बसला होता. पण विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच होती. गायकी जर एका माणसाच्या गळ्याला बेतलेली असेल, तर ती दुसऱ्या गळ्याला जशीच्या तशी चढविणे म्हणजे शार्ङ्गदेवाचा ‘अनुकार’ घडविणे नव्हे काय? खाँसाहेबांनी तसे केलेले दिसत नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी त्यांच्याच शिष्या, दोघी गोमंतकातल्या. पण ध्वनिमुद्रिका लावून ऐका. केसरबाईंचा आवाज भरदार, आकाशात झेपावणारा. मोगूबाईंचे गाणे लयीच्या बारीक वीणीत गुंतलेले. गायकी एक, गळे दोन, आणि दोन्ही गळे आपापल्या जागी. गुरूने ते कसे साधले? यावर पुस्तक नाही. घराण्यावर आम्ही ग्रंथ लिहिले, घराणी जुळविली, मोडली, वाद घातले. पण घराणे एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते त्या क्षणाविषयी आमची समीक्षा मुकी आहे, महिनाभर माझी भाची होती तशी.

चौथे कपाट पाहून काही वाचकांना नवल वाटेल. ते शरीरशास्त्राचे, ड्यूईच्या आकड्यांत ६१२ च्या आसपास. मॅन्युएल गार्सिया (१८०५–१९०६) हा पॅरिस आणि लंडन येथे नाव मिळविलेला गायनशिक्षक. त्याचा बाप मोठा गायक. याचा स्वतःचा आवाज मात्र तरुणपणीच बिघडला आणि तो शिकविण्याकडे वळला. १८५४ साली त्याने दंतवैद्याच्या छोट्या आरशाच्या साह्याने, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश घशात पाडून, गाताना हलणारे आपलेच स्वरतंतू पाहिले आणि पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणे मांडली. आज घशाचे डॉक्टर ज्या परीक्षेने रोग ओळखतात तिच्या उगमाशी एक गाण्याचा मास्तर उभा आहे. माझ्या भाचीचा घसा डॉक्टरांनी तपासला तेव्हा ती गोष्ट मला ठाऊक असती तर बरे झाले असते.

गार्सियाची पद्धत आपण उचलावी असे मी म्हणत नाही. त्यांचे गाणे निराळे. मोठ्या नाट्यगृहात वाद्यवृंदावरून आवाज फेकण्याची त्यांची गरज निराळी. मीड आणि कण यांवर जगणाऱ्या आपल्या गाण्याला त्यांचा साचा चढविला तर नवाच अनुकार निर्माण होईल. उचलावी ती त्याची जिज्ञासा. आवाज बिघडला तेव्हा त्याने दैवाला किंवा ‘शारीरा’ला दोष दिला नाही, आत काय चालते ते पाहिले. आपल्याकडे देवधरांनी ही जिज्ञासा दाखविली. त्यांनी मुंबईत १९२५ साली संगीतशाळा काढली, आवाजाच्या जोपासनेचा अभ्यास केला, तो शिकविला. आणि त्याच शाळेत बेळगावकडचा एक लहान मुलगा येऊन राहिला, जो तोवर इतरांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करण्याबद्दल गाजला होता. तो कुमार गंधर्व. अनुकाराचा भावुक कसा होतो याचे एवढे उघडे उदाहरण दुसरे नसेल. पुढे क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले तेव्हा त्यांनी उरलेल्या श्वासाला साजेसे गाणे घडविले. गुरूकडून त्यांनी राग घेतले असतील, चिजा घेतल्या असतील; पण स्वतःच्या गळ्याकडे पाहण्याची मोकळीक घेतली नसती तर हे घडले असते, असे मला वाटत नाही.

पाचवे कपाट नियतकालिकांचे, आणि ते सर्वांत धुळकट. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’, हाथरसहून १९३५ पासून निघालेले हिंदी ‘संगीत’ यांचे बांधीव खंड जेथे असतील तेथे अनुक्रमणिका वाचीत बसावे. पुस्तक लिहिण्याइतकी उसंत नसलेला साधा शिक्षक मासिकात दोन पाने लिहितो, आणि ती दोन पाने त्याच्या वीस वर्षांच्या अनुभवाची असतात. अलीकडे जुन्या पुस्तकांच्या प्रती संगणकावरही पाहायला मिळतात; भातखंड्यांचे खंड घरबसल्या उघडता येतात. सोय मोठी आहे. परंतु संगणकाला आपण जो शब्द द्यावा तोच तो शोधतो. ‘गायनशिक्षण’ हा शब्द दिला तर परीक्षांचे मार्गदर्शकच पुढे येतात. प्रकीर्णक अध्याय, नाटक कंपनीच्या आठवणी आणि घशाचा आरसा यांतले काही वर येत नाही. त्यासाठी अजूनही कपाटाशी उभी असलेली, हिंडून वाचलेली ग्रंथपालबाई लागते.

आता या शोधाचा निष्कर्ष काय? गाणे शिकविण्याचे ज्ञान मराठीत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ते आहे, पण त्याला स्वतःचे कपाट नाही. कारणेही उघड आहेत. जे उत्तम शिकवीत त्यांना लिहिण्याची सवय नव्हती, आणि विद्या उघडी करण्याची भीती होती. जे लिहीत ते बहुधा शिकविणारे नव्हते. त्यांना राग दिसला, घराणे दिसले, सौंदर्य दिसले, समोर बसलेले पोर दिसले नाही. आणि परीक्षा आल्या तेव्हा जे मोजता येते तेवढेच पुस्तकात शिरले. वादी-संवादीला गुण देता येतात. मुलीची मान ताणली गेली नाही याला गुण देता येत नाहीत.

यावर ग्रंथालयांनी करण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. तिला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. ‘गाणे शिकविणाराची सूची’ म्हणून एक वही ठेवावी. वाचकाने चरित्रात, आठवणींत, मासिकात तालमीचा प्रसंग वाचला की पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ त्या वहीत उतरावे : पट्टी ठरविणे, खर्ज साधना, आवाज फुटण्याचे वय, बसलेला गळा, पलटे, श्वास. पाच वर्षांत ती वही साऱ्या मार्गदर्शकांना मागे टाकील. दुसरी गोष्ट शिष्यांनी करण्याजोगी. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे आणि गुरूच्या परवानगीने तालीम टिपून घेतली जाते. मैफलींचे मोठे संग्रह मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात आणि दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीत आहेत. तालमीचे संग्रह मात्र घराघरांतल्या यंत्रांत पडून आहेत आणि यंत्राबरोबर नाहीसे होत आहेत. गुरूंची संमती घेऊन त्यांतले थोडे तरी ग्रंथालयात पोचावे. गुरू चूक कशी दाखवितात, किती वेळ थांबतात, केव्हा नुसते ‘हं’ म्हणतात, हे मोगूबाईंच्या काळी टिपता आले नाही. आज येते.

भाचीला मी पुस्तक आणून दिले नाही. देण्यासारखे एक पुस्तक नव्हतेच. वही मात्र दिली. पाच कपाटांतून उतरलेल्या नोंदी, पृष्ठांकांसह. ती तिने वाचली, आणि आवाज परत आल्यावर तिच्या आईने ती वही वर्गाच्या बाईंना नेऊन दाखविली. बाईंनी राग मानला नाही. त्यांनी वही आठ दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाल्या, ‘‘आम्हांला हे कोणी सांगितलेच नाही हो. आमच्या बाईंनी काळी पाचला शिकविले, आम्ही काळी पाचला शिकवतो.’’ आता त्यांच्या वर्गात मुलींचे दोन गट आहेत आणि भाची पांढरी चारला गाते. वरचा षड्ज लागतो. मान सरळ असते.

दिवाळीचे दिवस आहेत. फराळ होईल, पाहुणे जमतील, कोणीतरी माळ्यावरची पेटी खाली काढील आणि घरातल्या मुलीला म्हणेल, ‘‘हं, म्हण पाहू एखादे पद.’’ जरूर म्हणायला लावा. फक्त पेटीवर बोट ठेवण्याआधी तिला विचारा, ‘‘तुझी पट्टी कोणती?’’ आणि तिला ती ठाऊक नसेल, तर पद बाजूला ठेवून आधी तेवढे शोधा. पाच मिनिटांचे काम आहे.